घोडीचे लांबलेले नाव

२००८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जगातल्या कितीतरी घरांतून एक चमत्कारिक विधी चालू होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढे बसून कोणी एक तरुण साहसकथेचा एक खेळ सुरू करी. त्यातला जतन करून ठेवलेला एक विशिष्ट डाव उघडी. पडद्यावरच्या नायकाला दोन पावले मागे चालवी किंवा समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावयास लावी. आणि खेळ तेथेच थिजून जाई. पडदा काळा होई, त्यावर साधी पांढरी अक्षरे उमटू लागत, आणि ज्या यंत्रावर त्याच्या निर्मात्याच्या अनुज्ञेवाचून एक ओळही चालू नये असा बंदोबस्त होता, त्या यंत्रावर कोणा हौशी माणसाने घरी बसून लिहिलेली आज्ञावली चालू लागे. नायकाच्या घोडीचे नाव खेळाला पेलवेल त्याहून फार लांब लिहिलेले होते, एवढेच त्यामागचे रहस्य.

ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ आणि तो खेळ म्हणजे ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’. दोन्ही १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत एकाच दिवशी विक्रीस आली. यंत्राची किंमत तेथे अडीचशे डॉलर होती. हातातला दांडा हवेत फिरवून टेनिस खेळावयाचे, ही त्याची नवलाई आजीआजोबांनाही भावली, आणि पुढल्या काही वर्षांत या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग खपले. तथापि प्रस्तुत हकिगत त्या खपाची नव्हे. विकत घेतलेल्या वस्तूत आपण काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या मालकाचा की ती घडविणाऱ्याचा, या जुन्याच वादाची ती हकिगत आहे; आणि तो वाद येथे न्यायालयात लढला गेला त्याहून अधिक एका चिमट्याने, एका घोडीने आणि गणितातल्या एका शून्याने लढला.

अशा घरगुती आज्ञावलीला इंग्रजीत ‘होमब्रू’ म्हणतात. शब्दशः अर्थ घरी तयार केलेली बिअर. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी एका गॅरेजमध्ये संगणकवेड्यांचे एक मंडळ जमले, त्यानेही हेच नाव धारण केले होते. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द योजणे अवघड आहे. ‘हातभट्टी’ म्हणावे तर पोलिसांच्या धाडीचा वास लगेच येतो. आणि मूळ शब्दात तर स्वतःपुरते, स्वतःच्या हौसेने केलेले, एवढाच निरुपद्रवी भाव आहे. घरच्या लोणच्याची उपमा त्यास अधिक शोभेल. परंतु भाषेतला हा घोटाळा निव्वळ भाषेतला नाही. कंपनीला त्यात नेहमी हातभट्टीच दिसली आणि करणारांना लोणचे. पुढल्या सतरा वर्षांचा सारा इतिहास या दोन शब्दांच्या मधोमध घडला आहे.

कुलूप कसे फुटले हे समजावयाचे तर ते कसे घातले होते हे आधी पाहिले पाहिजे. यंत्राचा मुख्य गणकभाग आयबीएम कंपनीने घडविलेला होता आणि जाहिरातींतून मिरवे तो तोच. पण चित्रे रंगविणाऱ्या दुसऱ्या एका पटलाच्या पोटात आणखी एक लहानसा गणकभाग दडलेला होता, ज्याचा उल्लेख कंपनी सहसा करीत नसे. हौशी संशोधकांनी त्याचे नाव ‘स्टारलेट’ असे ठेवले. तबकडी वाचणे, चाव्या सांभाळणे, कोणती आज्ञावली खरी आणि कोणती तोतया याचा निवाडा करणे, ही सर्व सत्ता या लहानग्याच्या हाती. मुख्य गणकभागाने फक्त विनंती करावयाची. दर्शनी राजा एक आणि कारभार पाहणारा दुसरा, ही व्यवस्था मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला नव्याने समजावून सांगावयास नकोच.

निवाडा होई तो शिक्क्यावरून. आपल्याकडे जुन्या राजपत्रांच्या आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असे. मधल्या मजकुरात मागाहून कोणी भर घालू नये म्हणून ही योजना. यंत्रातली योजना तत्त्वतः तीच होती. प्रत्येक आज्ञावलीच्या मजकुराचा एका ठरावीक गणिती रीतीने वीस अक्षरांचा गोषवारा काढावयाचा आणि तो गोषवारा कंपनीजवळच्या एका गुप्त संख्येने मुद्रांकित करावयाचा. मजकुरात एक काना इकडचा तिकडे झाला तरी गोषवारा बदलतो आणि मुद्रा जुळेनाशी होते. मुद्रा खरी की खोटी हे तपासण्याची चावी यंत्रात असते, मात्र ती उठविण्याची चावी कंपनीच्या तिजोरीबाहेर कधीच पडत नाही. तेव्हा यंत्राचा कण न् कण उघडून पाहिला तरी खोटा शिक्का मारता येऊ नये. निदान कागदावर तरी तसे होते.

पहिली फट जुन्या यंत्राच्या ममत्वातून पडली. ‘वी’च्या आधीचे, २००१ सालचे ‘गेमक्यूब’ हे यंत्र. त्याचे खेळही नव्या यंत्रावर चालावेत अशी सोय निन्टेन्डोने ठेवली होती. जुना खेळ घातला की नवे यंत्र जुन्याचे सोंग घेई. त्या सोंगात चौसष्ट मेगाबाइटच्या स्मृतीपैकी केवळ सोळा मेगाबाइटचा भाग वापरण्यास मोकळा राही; उरलेल्या तीनचतुर्थांशात काय आहे ते दिसत नसे. गेमक्यूबवर घरगुती आज्ञावली चालविण्याची विद्या तोवर हौशी मंडळींना अवगत झालेली होतीच. प्रश्न उरला तो बंद खोल्यांत डोकावण्याचा. तेथे हौशी संशोधकांच्या एका गटाने जी युक्ती केली ती सांगताना आजही हसू आवरत नाही. त्यांनी साधा धातूचा चिमटा घेतला आणि स्मृतीपटलाकडे जाणाऱ्या, कोणती खोली उघडावयाची हे सांगणाऱ्या तारांचे बिंदू त्याने एकमेकांस जोडले. यंत्राची दिशाभूल झाली. सोळा मेगाबाइटची खिडकी होती तेवढीच राहिली, पण ती सरकून बंद खोल्यांसमोर आली. आणि त्या खोल्यांत काय होते? सोंग घेण्यापूर्वी कारभाऱ्याने स्वतःपाशी ठेवलेल्या चाव्या. जाताना त्याने घर झाडले नव्हते. या चिमट्यावरूनच, इंग्रजी शब्दावर थोडा श्लेष करून, त्या गटाने स्वतःस ‘टीम ट्वीझर्स’ म्हणवून घेतले. २००७ च्या डिसेंबरात बर्लिन येथे केऑस कम्प्यूटर क्लबाच्या वार्षिक मेळाव्यात ‘वी’वर परकी आज्ञावली चालताना प्रथमच जाहीरपणे दाखविण्यात आली.

चिमट्याने मिळालेल्या चाव्यांत ती शिक्का उठविण्याची चावी अर्थातच नव्हती. पण त्या एका यंत्राची स्वतःची मुद्रा होती, आणि तेवढ्याने घोडीपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. खेळाचा जतन केलेला डाव साध्या स्मृतिपत्रावर, म्हणजे एसडी कार्डावर, उतरवून मित्राच्या यंत्रात नेता यावा अशी सोय कंपनीनेच ठेवली होती. त्या डावावर मूळ यंत्राची मुद्रा असे आणि इतर सर्व यंत्रे ती मान्य करीत. एका यंत्राची मुद्रा हाती आली, म्हणजे हवा तसा डाव रचून जगातल्या कोणत्याही यंत्रास तो देता येणार होता. राहता राहिला असा खेळ शोधणे की जो डावातला मजकूर डोळे मिटून गिळील.

‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये नायकाच्या घोडीचे नाव इपोना. परंतु खेळणाऱ्याने आपल्या आवडीचे दुसरे नाव तिला द्यावे अशी मुभा होती. नाव टंकताना खेळ त्याची लांबी मोजी. जतन केलेल्या डावातून तेच नाव परत वाचताना मात्र मोजत नसे, कारण आपणच लिहिलेले आपण काय तपासावयाचे, अशी कर्त्यांची समजूत असावी. हौशी संशोधकांनी डावात घोडीचे नाव प्रमाणाबाहेर लांब लिहिले. नावासाठी राखलेली जागा भरून ते शेजारच्या जागेत सांडले, आणि त्या शेजारच्या जागेत ‘हे काम झाले की पुढे कोठे जावयाचे’ याची नोंद होती. ती पुसली जाऊन तिच्या जागी नवा पत्ता बसला. यंत्र इमानाने त्या पत्त्यावर गेले. तेथे घरगुती आज्ञावली वाट पाहतच होती. फेब्रुवारी २००८ मध्ये हा डाव सर्वांसाठी खुला झाला आणि ‘ट्वायलाइट हॅक’ या नावाने प्रसिद्धी पावला. आता चिमटा नको, डाख नको, यंत्राचा एक स्क्रूही काढावयास नको. एक स्मृतिपत्र आणि तो खेळ, बस्स.

तरीही हे भाड्याच्या घरातले वास्तव्य होते. दरवेळी खेळ लावा, डाव उघडा, घोडी बोलवा. यंत्रात कायमचे बिऱ्हाड करावयाचे तर पुन्हा तो शिक्का आडवा येई. आणि येथे या हकिगतीतला सर्वांत नवलाचा भाग येतो, कारण तो शिक्का कोणी फोडला नाही. तो तपासणाऱ्याचीच दृष्टी अधू होती.

मुद्रेतून निघालेला गोषवारा आणि मजकुराचा काढलेला गोषवारा ताडून पाहण्यासाठी कारभाऱ्याच्या आज्ञावलीत जी क्रिया योजली होती, ती मुळात शब्द ताडून पाहण्याची होती. संगणकाच्या ज्या भाषेत ती लिहिलेली होती त्या भाषेत शब्द कोठे संपला हे शून्याने दाखवितात. शून्य दिसले की वाचन थांबते. गोषवारा हा काही शब्द नव्हे. त्याच्या वीसही अक्षरांची तपासणी व्हावयास हवी. पण दोन्ही गोषवाऱ्यांचे पहिलेच अक्षर शून्य असेल, तर ही क्रिया तेथेच थांबून दोन्ही समान असल्याचा निर्वाळा देई. मग संशोधकांनी काय केले? शिक्का म्हणून निव्वळ शून्ये भरली. शून्याचा कितवाही घात केला तरी शून्यच येते, तेव्हा त्या शिक्क्यातून निघणारा गोषवाराही सगळा शून्याचा. आता मजकुराच्या गोषवाऱ्याचे पहिले अक्षर तेवढे शून्य यावयास हवे. मजकुरातल्या एखाद्या निरुपयोगी जागी आकडे बदलत राहिले, तर सरासरीने दर दोनशे छप्पन्न खेपांत एकदा ते येते. साध्या संगणकाला या कामास क्षणभरही लागत नाही. ज्या मुद्रेचे बनावट रूप करावयास जगातले सारे संगणक युगानुयुगे राबले तरी पुरे पडले नसते, ती एका कोऱ्या कागदाने मान्य करवून घेतली.

२००८ च्या मे महिन्यात याच वाटेने ‘होमब्रू चॅनल’ ही आज्ञावली यंत्रात वसतीला आली. यंत्राच्या दर्शनी पडद्यावर हवामान, बातम्या, दुकान अशा ज्या चौकटी असत, त्यांच्याच ओळीत ही एक चौकट. ती उघडली की स्मृतिपत्रावर मांडून ठेवलेल्या घरगुती आज्ञावल्यांची यादी दिसे. हवी ती निवडावी. त्यातून कितीतरी उद्योग निघाले. यंत्राची तबकडी फिरविण्याची रचना चित्रपटाच्या डीव्हीडी वाचण्यास समर्थ होती, पण कंपनीने ती सोय दिलेली नव्हती. घरगुती आज्ञावलीने ती दिली. जुन्या, बाजारातून नाहीशा झालेल्या यंत्रांची सोंगे घेणाऱ्या आज्ञावल्या आल्या. लिनक्स आले. कित्येक विद्यार्थ्यांनी आपला पहिला खेळ याच यंत्रासाठी लिहिला.

बसविण्याच्या आज्ञावलीच्या आरंभीच एक इशारा झळके आणि तो काही क्षण वाचल्यावाचून पुढे जाता येत नसे. त्याचा आशय असा, की ही वस्तू फुकट आहे. कोणी तुमच्याकडून तिचे पैसे घेतले असतील तर तुमची फसवणूक झाली आहे, ते परत मागा. कारण फुकटची वस्तू वेष्टनात घालून विकणारे व्यापारी लगोलग उभे राहिले होते. दुसरा उपद्रव अधिक गंभीर होता. ज्या वाटेने घरगुती आज्ञावली आत येते त्याच वाटेने विकतच्या खेळांच्या चोरट्या नकलाही येऊ शकतात, आणि तशा त्या आल्या. टीम ट्वीझर्सने त्यास साहाय्य करण्याचे साफ नाकारले व तसे पुनःपुन्हा जाहीर केले. येथे इतिहासाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे : नकला चालविणारी तबकडीयंत्रात बसवावयाची चोरटी पटले २००७ च्या आरंभापासूनच बाजारात होती. चोर आधी आले होते, हौशी मागाहून. परंतु कंपनीच्या दृष्टीने दोघांचे पाऊल एकाच उंबऱ्यावर पडत होते आणि उंबरा तिचा होता, हेही खोटे नव्हे.

कंपनीने दुरुस्त्या धाडण्यास सुरुवात केली. जून २००८ च्या दुरुस्तीने तो लांब नावाचा डाव शोधून पुसावयाचा प्रयत्न केला. पुसणाऱ्या आज्ञावलीतच चुका निघाल्या आणि नवा डाव आला. अधू दृष्टीचा तो दोष वर्षाअखेरीस बुजविण्यात आला. मार्च २००९ च्या दुरुस्तीने घोडीला अखेर तबेल्यात कोंडले. मग संशोधकांनी दुसरे दार शोधले. सप्टेंबर २००९ ची दुरुस्ती मात्र महागात पडली. यंत्र जागे होताना चालणाऱ्या अगदी आरंभीच्या आज्ञावलीवर तिने नवे लेखन केले, आणि ज्यांनी कधी घरगुती आज्ञावलीचे नावही ऐकले नव्हते अशा काही ग्राहकांची यंत्रेही निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. त्या आरंभीच्या आज्ञावलीच्याही आधी चालणारा जो पहारेकरी, त्याचा गोषवारा कारखान्यातच यंत्रात कायमचा कोरलेला असतो. म्हणून तो कोणत्याही दुरुस्तीने बदलता येत नाही. आधीच्या काळात घडविलेल्या यंत्रांत या पहारेकऱ्याचीही दृष्टी तशीच अधू होती, आणि ती तशीच राहिली. जून २०१० नंतर कंपनीने या लढाईतून जवळजवळ अंग काढले. ऑगस्ट २०११ मध्ये यंत्राच्या संदेशफलकावर बाँबचे चित्र असलेले एक तांबडे पत्र येऊन पडू लागले. ते उघडले की काम झाले. त्यास तर कोणताही खेळ विकत घ्यावयाची गरज नव्हती.

कायदा यावर काय म्हणतो? अमेरिकेने १९९८ सालच्या कायद्याने असे तांत्रिक कुलूप उघडणे हाच स्वतंत्र गुन्हा केला, मग आत शिरून कोणी काही चोरो वा न चोरो. तेथे काही वर्षांच्या अंतराने अपवाद मंजूर होतात. २०१० साली दूरध्वनी यंत्रांना असा अपवाद मिळाला. खेळयंत्रांसाठी केलेली मागणी २०१२ मध्ये फेटाळली गेली. २०२१ मध्ये तबकडीयंत्राच्या दुरुस्तीपुरती काय ती सवलत मिळाली. भारताने १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती करून पासष्ट-अ हे कलम घातले. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. परंतु हक्काचे उल्लंघन करण्याचा हेतू असला पाहिजे अशी अट आहे, आणि कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणे त्यातून वगळलेले आहे. म्हणजे कुलूप का उघडले हे आपला कायदा विचारतो. हा फरक लहान नाही.

दरम्यान यंत्र म्हातारे झाले. जून २०१३ मध्ये त्याची हवामान, बातम्या, संदेश पोचविणारी सेवा कंपनीने बंद केली. मे २०१४ मध्ये दूरदूरच्या खेळाडूंना एकमेकांशी खेळविणारी सेवा थांबली. ३० जानेवारी २०१९ रोजी यंत्रातले दुकानही मिटले. तेथे दाम मोजून घेतलेले खेळ यंत्राबरोबरच मरणार हे त्या दिवशी ठरून गेले. आणि मग उलटे चक्र फिरले. ज्या वाटा बुजविण्यासाठी कंपनीने वर्षानुवर्षे धडपड केली होती, त्याच वाटांनी स्वयंसेवकांनी हवामानाच्या आणि बातम्यांच्या चौकटी पुन्हा जिवंत केल्या, गाड्यांच्या शर्यती पुन्हा दूरदेशींच्या खेळाडूंशी लावून दिल्या, आणि घेतलेल्या खेळांच्या प्रती मालकांना आपल्यापाशी जपून ठेवता येऊ लागल्या. तांबडे पत्र आता लढाईचे हत्यार राहिले नाही. जुन्या माळ्यावरचे यंत्र खाली काढून धूळ पुसणाराच्या हाती ते पडते. बसवणाराला मिळणारा पहिला उपदेश मात्र तेव्हाचाच आजही आहे : आधी यंत्राच्या सर्व स्मृतीची, पाचशे बारा मेगाबाइटची, एक प्रत काढून ठेवा.

टीम ट्वीझर्समधले ‘बुशिंग’ या टोपणनावाने वावरणारे संशोधक २०१६ साली निवर्तले. त्यांचे सहकारी पुढे दुसऱ्या नावाने दुसऱ्या यंत्रांकडे वळले. होमब्रू चॅनलची मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली होती; २०२५ च्या एप्रिलमध्ये तिच्या कर्त्यांपैकी एकाने तो संग्रह कायमचा गोठवून टाकला आणि त्यावर एक निवेदन लावले. ‘वी’साठी लिहिलेल्या बहुतेक साऱ्या घरगुती आज्ञावल्या ज्या एका सामाईक पायाभूत संग्रहावर उभ्या होत्या, त्या ‘लिबओजीसी’चा काही भाग निन्टेन्डोच्याच आज्ञावलीतून उचललेला आहे, हे त्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. पण उरलेला भाग तरी त्याच्या कर्त्यांचा स्वतःचा असावा, अशी त्यांची समजूत होती. तोही ‘आरटीईएमएस’ या दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पातून, मूळ कर्त्यांची नावे पुसून घेतलेला आहे, असा त्यांचा आरोप होता. संग्रहाच्या राखणदारांनी तो मान्य केला नाही. आपल्या वस्तूचे पैसे कोणी घेतले तर परत मागा, असे ज्या चौकटीने लक्षावधी लोकांना बजावले होते, तिच्याच पायातल्या दगडांवर कोणाचे नाव कोरलेले होते याचा वाद आता सुरू झाला.